न पडलेला दुधाचा दात आणि तारांचे उपचार: काढायचा की राखायचा?

२३ वर्षांची एक मुलगी पुढचे वाकडे दात सरळ करून घ्यायला येते. तोंड उघडल्यावर मी आधी दात मोजते, ही जुनी सवय. खालच्या उजव्या बाजूला उपदाढेच्या (सुळा आणि मोठी दाढ यांच्यामधल्या दाताच्या) जागी एक रुंद, बसकी दाढ दिसते. रंग शेजारच्या दातांपेक्षा पांढरा, गालाकडच्या बाजूला तीन टोकं, आणि चावताना वरच्या दाताला जेमतेम टेकणारी. मी तिच्या हातात आरसा देते आणि सांगते, ‘ही तुमची दुधाची दाढ आहे.’ ती बराच वेळ आरशात बघत राहते. मग पहिला प्रश्न येतो आणि तो जवळजवळ प्रत्येकाचा सारखाच असतो: ‘मग काढून टाकायची ना?’

माझं उत्तर असतं, आत्ता नाही. तो दात का राहिला हे कळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही आणि ताराही लावायच्या नाहीत. दुधाचा दात राहण्यामागे चार-पाच वेगवेगळी कारणं असतात, आणि एका कारणाचा उपचार दुसऱ्याच्या अगदी उलटा असू शकतो. एखाद्या मुलात तो दात वेळेवर न काढल्यामुळे पक्का सुळा टाळूत अडकून बसतो. दुसऱ्या कुणाचा तोच दात घाईने काढला, की त्याखालचं हाड झिजतं आणि पुढे तिथे काहीही बसवणं अवघड होतं. पालक असा किंवा स्वतःच्या दातांसाठी तारांचा विचार करणारे मोठे, निर्णयाआधी पुढच्या पायऱ्या क्रमाने चढा.

पहिली पायरी: उशीर खरंच झालाय का ते बघा

दुधाचे दात २० असतात. खालचे मधले पटाशीचे दात ६-७ व्या वर्षी पडतात, त्यांच्या बाजूचे ७-८ व्या वर्षी. पहिल्या दुधाच्या दाढा ९ ते ११ या वयात, सुळे ९ ते १२ आणि सर्वांत शेवटी दुसऱ्या दुधाच्या दाढा १० ते १२ या वयात जातात. यात वर्षभर मागेपुढे होणं नेहमीचं आहे. काही मुलांचे सगळेच दात उशिरा आलेले असतात, त्यांचे ते पडतातही उशिरा.

मला वयापेक्षा दोन बाजूंची तुलना जास्त भरवशाची वाटते. डावीकडचा दात पडून नवा आला आणि उजवीकडचा त्याच जागेचा दात सहा महिने उलटले तरी हलतसुद्धा नाही, तर एक्स-रे काढून घ्या. क्रम चुकला तरीही काढा. वरचा मधला पटाशीचा दात यायच्या आधी त्याच्या बाजूचा आला, तर मधल्याच्या वाटेत काहीतरी आडवं आलेलं असण्याची शक्यता असते.

सहा-सात वर्षांच्या मुलाचा खालचा दुधाचा दात अजून जागेवर असतो आणि त्याच्या मागे, जिभेकडच्या बाजूने, नवा दात उगवलेला दिसतो. एकामागे एक दोन रांगा बघून आईवडील घाबरून जातात. दुधाचा दात हलत असेल तर मुलाला तो जिभेने, बोटाने हलवत राहू द्या. बहुतेकदा तो पडतो आणि जीभच नव्या दाताला पुढे ढकलते. काही आठवडे गेले आणि दात घट्टच राहिला, तर तो काढून टाकणं हे पाच मिनिटांचं काम आहे. यासाठी तारांची घाई नको.

दुसरी पायरी: तोंडातली तपासणी

एक्स-रेच्या आधी डॉक्टरांचे डोळे, बोटं आणि कान यांनी बरंच काही कळतं. दात मोजणं, प्रत्येक दुधाचा दात हलतो का बघणं आणि चावण्याची पातळी बघणं ही तपासणी प्रत्येक रुग्णात व्हायलाच हवी.

कान म्हणते ते शब्दशः. आरशाचा धातूचा दांडा घेऊन मी दातांवर हलकेच टिचकी मारत जाते. निरोगी दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची पातळ गादी असते, त्यामुळे आवाज मऊ, दबका येतो. काही दुधाच्या दाढांमध्ये ही गादी नाहीशी होऊन मूळ थेट हाडाला चिकटतं. तिथे दांडा टेकवला की चिनी मातीच्या कपावर चमचा वाजावा तसा टणक आवाज येतो. शेजारचा दात आणि हा दात असे आळीपाळीने वाजवून दाखवले, तर रुग्णालाही फरक ऐकू येतो.

चिकटलेल्या दाताची दुसरी खूण म्हणजे तो बुडालेला दिसतो. खरं तर तो कुठेच जात नाही. जबडा वाढतो, शेजारचे दात हाडासकट वर चढत राहतात आणि हा मात्र खुंटा ठोकल्यासारखा जागच्या जागी राहतो. शेजाऱ्यांच्या पातळीपेक्षा २ मिलिमीटरपर्यंत खाली असेल तर आम्ही त्याला सौम्य समजतो, ५ मिलिमीटरच्या पुढे गेला तर गंभीर. मुलाच्या वाढीच्या वयात हे अंतर वाढत जातं, म्हणून पहिल्याच भेटीत मोजून लिहून ठेवायला सांगा. पुढच्या वर्षीच्या मापाशी तुलना करता आली, तरच वेग कळतो.

नऊ-दहा वर्षांच्या मुलात आणखी एक गोष्ट तपासायची असते. वरच्या ओठाच्या आत, दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीवरून बोट फिरवलं की आतून येणाऱ्या पक्क्या सुळ्याचा टणक उंचवटा हाताला लागतो. दोन्हीकडे लागला तर उत्तम. एकीकडे लागतो आणि दुसरीकडे नाही, किंवा दहाव्या वर्षानंतरही कुठेच लागत नाही, तर सुळा टाळूकडे वळला असण्याची शंका घ्यायची आणि एक्स-रे काढायचा.

तिसरी पायरी: एक्स-रेमध्ये काय शोधायचं

सुरुवात ओपीजी नावाच्या मोठ्या एक्स-रेने होते. एकाच चित्रात दोन्ही जबडे आणि सगळे दात दिसतात. त्यावर पुढच्या प्रश्नांची उत्तरं डॉक्टरांकडून मागून घ्या.

- दुधाच्या दाताखाली पक्का दात आहे की नाही? असेल तर कुठल्या दिशेने तोंड करून आहे?
- दुधाच्या दाताची मुळं किती उरली आहेत?
- मूळ आणि हाड यांच्यामधली काळी बारीक रेघ सलग दिसते का, की मध्येच पुसली गेली आहे?
- आणखी कुठले पक्के दात नाहीत? अक्कलदाढा आहेत का?

मुळांचा बारकावा बघायला त्या एका दाताचा छोटा एक्स-रे लागतो. सीबीसीटी म्हणजे तीन मितींचं चित्र प्रत्येकाला लागत नाही. सुळा अडकलेला असेल, तो शेजारच्या दाताच्या मुळाला घासतोय अशी शंका असेल किंवा शस्त्रक्रिया ठरत असेल, तेव्हा ते खरोखर उपयोगी पडतं. मुलांच्या बाबतीत किरणांची मात्रा विनाकारण वाढवू नये, म्हणून ‘सीबीसीटीने नेमका कुठला निर्णय बदलणार आहे?’ हे विचारायला संकोच करू नका.

लहान मुलांच्या एक्स-रेत एक फसगत होते. खालची दुसरी उपदाढ काही मुलांत फार उशिरा तयार व्हायला लागते. सात वर्षांच्या मुलाच्या ओपीजीत ती दिसली नाही, म्हणून ‘हा दात जन्मतःच नाही’ असा शिक्का मारून दुधाची दाढ काढणं चूक ठरू शकतं. नऊ वर्षांपर्यंत थांबून पुन्हा बघावं.

चौथी पायरी: कारणाप्रमाणे वाट ठरवा

*पक्का दात आहे आणि सरळ वर येतोय.* ही सर्वांत सोपी गोष्ट. पक्क्या दाताचं मूळ अर्ध्याहून जास्त तयार झालं असेल आणि दुधाचा दात अडून बसला असेल, तर तो काढायचा आणि नव्याला वाट मोकळी करून द्यायची. दुधाची दाढ चिकटलेली असली पण खाली उपदाढ योग्य जागी असेल, तरी बहुतेकदा ती थोड्या उशिराने, सहा महिने ते वर्षभर मागे, आपणहून पडते. शेजारचे दात तिच्यावर कलंडायला लागले, तर मात्र वाट बघू नये. काढल्यानंतर खालचा दात यायला बराच अवकाश असेल, तर जागा धरून ठेवणारी पट्टी किंवा तार बसवून घ्या. जागा एकदा गेली की ती परत मिळवायला तारांची दोन वर्षं लागतात.

*वाटेत अडथळा आहे.* जादा दात किंवा ओडोन्टोमा नावाची दातासारखीच गाठ पक्क्या दाताला अडवते. लहानपणी पुढच्या दाताला मार लागला असेल, तरी पक्क्याची दिशा बिघडते. अडथळा शस्त्रक्रियेने काढावा लागतो, दात पुढे आपणहून येतो किंवा तारेने ओढून आणावा लागतो.

*एकदम बरेच दुधाचे दात राहिले आहेत.* १४-१५ वर्षांच्या मुलाच्या तोंडात आठ-दहा दुधाचे दात असतील, तर तारांचा विचार बाजूला ठेवून संपूर्ण शरीराची तपासणी करून घ्या. थायरॉइड ग्रंथीचं काम कमी असणं, क्लायडोक्रेनियल डिस्प्लेसिया (हाडांच्या वाढीचा जन्मजात विकार), एक्टोडर्मल डिस्प्लेसिया (त्वचा, केस, दात यांचा जन्मजात विकार) अशा स्थितींमध्ये हे दिसतं. कधीकधी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतच हे पहिल्यांदा लक्षात येतं. बालरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

*सुळ्याची वाट चुकली आहे.* यावर थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे वेळेला फार मोल आहे. अक्कलदाढांच्या खालोखाल अडकणारा दात म्हणजे वरचा सुळा. तो साधारण शंभरात दोघांमध्ये अडकतो आणि बऱ्याचदा टाळूच्या बाजूला. वरून दिसतं ते इतकंच, की तेराव्या-चौदाव्या वर्षीही दुधाचा छोटा टोकदार सुळा जागेवर आहे. दुखत काहीच नाही, त्यामुळे घरी कुणाचं लक्ष जात नाही. आत मात्र पक्का सुळा पटाशीच्या दाताच्या मुळावर टेकून ते मूळ झिजवत असू शकतो.

१९८८ साली स्वीडनमधल्या एरिक्सन आणि क्युरोल या दोन दंतसंशोधकांनी १० ते १३ वयाच्या मुलांमध्ये फक्त दुधाचा सुळा काढून पक्क्या सुळ्याचं काय होतं ते पाहिलं. टाळूकडे वळलेल्या ४६ सुळ्यांपैकी ७८ टक्के सुळे योग्य वाटेला लागले. पक्क्या सुळ्याचं टोक बाजूच्या पटाशीच्या मध्यरेषेपर्यंत पोचलेलं नसेल, तर यश ९१ टक्के. ती रेषा ओलांडून गेलेलं असेल तर ६४ टक्के. म्हणजे वेळेवर काढलेल्या एका दुधाच्या दातामुळे पुढची शस्त्रक्रिया आणि दीर्घ उपचार टळू शकतात. अट एवढीच, की सुळ्याला यायला जागा असली पाहिजे. दाटी असेल तर आधी जागा करून द्यावी लागते. दात काढल्यावर वर्षभरात एक्स-रेत सुधारणा दिसली नाही, तर आणखी थांबण्यात अर्थ नाही.

वय उलटून गेलं असेल, तर पद्धत बदलते. आधी तारांनी सुळ्यासाठी जागा करायची. मग शल्यविशारद हिरडी उघडून सुळ्याच्या डोक्यावर एक छोटी कडी आणि बारीक साखळी चिकटवतात. साखळीचं दुसरं टोक तारेला बांधून अगदी हलक्या जोराने दात खाली आणायचा. दुधाचा सुळा बहुतेकदा हिरडी उघडतानाच काढतात. त्याआधी काही महिने तो जागेवर राहिला, तर समोरची फट दिसत नाही आणि हाडही टिकतं. एकूण उपचार दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चालतो. मोठ्या वयात अडकलेला सुळा स्वतःच हाडाला चिकटलेला असू शकतो आणि मग तो ओढूनही हलत नाही, ही शक्यता डॉक्टरांनी आधीच सांगायला हवी.

पाचवी पायरी: खाली पक्का दातच नसेल तर

सुरुवातीला सांगितलेल्या मुलीची गोष्ट हीच होती. अक्कलदाढा सोडल्या, तर साधारण शंभरात पाच-सहा जणांमध्ये एखादा तरी पक्का दात जन्मतःच तयार होत नाही. त्यात खालची दुसरी उपदाढ आणि वरचा बाजूचा पटाशीचा दात हे नेहमीचे. हे बरंचसं आनुवंशिक असतं, एमएसएक्स१ आणि पॅक्स९ या जनुकांमधले बदल त्याच्याशी जोडलेले आहेत. म्हणून घरात एकाला असं निघालं, तर लहान भावंडांचेही दात वेळेवर तपासून घ्या.

इथे मार्ग तीन आहेत: दुधाचा दात राखणं, तो काढून तारांनी जागा बंद करणं, किंवा तो काढून इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) अथवा ब्रिजसाठी (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या कृत्रिम दातासाठी) जागा ठेवणं. कुठला निवडायचा हे त्या एका दातावर ठरत नाही. सगळ्या जबड्याकडे आणि चेहऱ्याकडे बघून ठरतं.

*राखणं.* मुळं लांब आहेत, कीड नाही, पातळी फार खाली गेलेली नाही आणि बाकीच्या दातांत दाटी नाही, तर माझा कल नेहमी राखण्याकडे असतो. खालची दुसरी दुधाची दाढ विसाव्या वर्षापर्यंत चांगल्या मुळांनिशी टिकली, तर ती पुढेही बरीच वर्षं टिकण्याची आशा चांगली असते. तोपर्यंत तिच्याखालचं हाड जिवंत आणि रुंद राहतं. याचं मोल लोकांना कळत नाही, कारण ते आरशात दिसत नाही. दाढ काढल्यावर पहिल्या काही वर्षांतच त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे चतुर्थांशाने कमी होते.

राखायचं ठरलं की मापाचा प्रश्न येतो. खालची दुसरी दुधाची दाढ साधारण १० मिलिमीटर रुंद असते, तिच्या जागी येणारी उपदाढ ७ मिलिमीटरच्या आसपास. हे तीन मिलिमीटर तसेच राहिले, तर वरच्या आणि खालच्या दाढांचा मेळ बसत नाही. म्हणून दाढेच्या दोन्ही बाजू घासून ती उपदाढेएवढी अरुंद करतात आणि मग तारांनी मागची दाढ पुढे आणतात. पण दुधाच्या दाढेची मुळं फाकलेली असतात. वरचा भाग कमी केला तरी खाली मुळं आडवी येतात, त्यामुळे मनाला येईल तेवढं घासता येत नाही. किती घासता येईल हे एक्स-रेवर आधी मोजून घ्यायचं. दात पातळीच्या खाली असेल, तर वरून कॉम्पोझिट (दातात भरतात तो दाताच्या रंगाचा पदार्थ) किंवा कॅपसारखं आवरण देऊन उंची वाढवतात. त्यामुळे चावताना त्यावर टेकणारा वरचा दात खाली उतरत नाही.

*जागा बंद करणं.* दाटी आहे, दात पुढे आलेले आहेत, किंवा दुधाच्या दाताची अवस्था वाईट आहे, तेव्हा हा मार्ग चांगला. तोंडात कृत्रिम काही राहत नाही, हा मोठा फायदा. आठ-नऊ वर्षांच्या वयात लक्षात आलं आणि दाढ वेळेवर काढली, तर मागची पक्की दाढ बरीचशी आपणहून पुढे सरकते. मोठ्या वयात मात्र ती ओढत आणावी लागते आणि ओढताना पुढचे दात मागे जातात. चेहरा आधीच सपाट असेल, ओठ आत असतील, तर हे दिसायला बरं नाही. अशा वेळी हाडात मिनी स्क्रू बसवून त्याच्या आधारे मागची दाढ पुढे आणतात, म्हणजे पुढच्या दातांवर ताण येत नाही. काही डॉक्टर दुधाच्या दाढेचा मागचा अर्धा भाग आधी काढतात, मोठी दाढ तिथे येऊ देतात, मग उरलेला अर्धा काढतात. त्यामुळे हाड कमी झिजतं. खाली जागा बंद केली, तर वरच्या शेवटच्या दाढेला जोडीदार उरतो का हे बघा. खालच्या अक्कलदाढेचं महत्त्व इथे अचानक वाढतं, ती काढायची घाई करू नका.

*इम्प्लांटसाठी जागा.* वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट बसवू नये. तो हाडाला घट्ट धरून असतो, चिकटलेल्या दुधाच्या दातासारखाच, आणि जबडा वाढत राहिला तर तोही मागे राहून बुडतो. मुलींमध्ये १७-१८ आणि मुलांमध्ये २०-२१ वर्षांच्या आत सहसा हा विचार करत नाहीत. वाढ थांबल्याची खात्री वर्षभराच्या अंतराने काढलेल्या चेहऱ्याच्या बाजूच्या एक्स-रेंची तुलना करून होते. म्हणून १४ वर्षांच्या मुलाची घट्ट, निरोगी दुधाची दाढ ‘पुढे इम्प्लांट लावू’ म्हणून आजच काढणं मला मान्य नाही. तीच दाढ इम्प्लांटची वेळ येईपर्यंत हाड सांभाळते. तारांनी जागा करताना फक्त दातांची डोकी दूर करून भागत नाही, मुळंही समांतर हवीत. इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंना शेजारच्या मुळांपर्यंत साधारण दीड मिलिमीटर हाड राहायला लागतं. तारा काढण्यापूर्वी हे एक्स-रेवर बघून घ्या, नंतर पुन्हा तारा लावायची वेळ येते.

वरचा बाजूचा पटाशीचा दात नसेल, तर पक्का सुळा बऱ्याचदा त्याच्या जागी उतरतो आणि दुधाचा सुळा मागे तसाच राहतो. सुळ्यालाच घासून, कॉम्पोझिटने आकार देऊन पटाशीचा दात करता येतो. सुळ्याचा रंग गडद असेल किंवा तो फार रुंद असेल, तर जागा करून इम्प्लांटचा विचार करावा. दोन्हींचे नमुने फोटोंत बघून मग ठरवा.

सहावी पायरी: तारा लावताना

दुधाच्या दातावर ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायची छोटी चकती, लावायचं का? मुळं चांगली असतील आणि दात राखायचा असेल तर लावता येतं. पण दुधाच्या दाताच्या पृष्ठभागावर चिकट पदार्थ तितका घट्ट धरत नाही, ब्रॅकेट अधूनमधून निघतं. निघालेल्या ब्रॅकेटसाठी वेळ न दवडता डॉक्टरांना कळवा. मुळं कमी उरली असतील, तर त्या दाताला वगळून तार पुढे नेलेली बरी, कारण त्यावर जोर पडला की झीज वाढू शकते.

चिकटलेल्या दाताचा नियम वेगळा आहे. तो तारेने हलत नाही. त्याला तार बांधून वर ओढायचा प्रयत्न केला, तर तो जागेवर राहतो आणि शेजारचे चांगले दात त्याच्याकडे ओढले जाऊन वाकडे होतात. म्हणून टिचकी मारून बघायची ती पायरी मी कधीच सोडत नाही. असा दात काढायचा ठरला, तर तो साध्या पकडीने निघत नाही आणि काढताना हाडही तुटू शकतं. इम्प्लांटला अजून काही वर्षं अवकाश असेल, तर कधीकधी फक्त वरचा भाग कापून मूळ हाडातच ठेवतात. ते मूळ हळूहळू हाडात रूपांतरित होतं आणि जागेची रुंदी टिकते.

दात काढण्याची वेळही ठरवून घ्यायची असते. जागा बंद करायची असेल, तर तारा बसून सरकवण्याची तयारी झाल्यावर काढा. आधी काढून सहा-आठ महिने रिकामी जागा ठेवली, तर हाड अरुंद होतं आणि दाढ ओढणं कठीण जातं. दुधाच्या दाढेची मुळं वाकडी आणि पातळ असतात, काढताना तुटतात. तुकडा राहिला आहे का, हे काढल्यानंतर विचारून घ्या.

सातवी पायरी: होकार देण्याआधी

ऑर्थोडॉन्टिस्टकडून, म्हणजे तारांचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडून, आराखडा लिहून मागा. त्यात दात राहण्याचं कारण, निवडलेला मार्ग, नाकारलेले मार्ग आणि त्यांची कारणं असावीत. राखलेला दात पाच किंवा पंधरा वर्षांनी गेला तर काय करायचं, हेही त्यातच लिहिलेलं हवं. इम्प्लांट ठरला असेल, तर तो बसवणाऱ्या डॉक्टरांनी तारा लागण्याआधी एकदा रुग्णाला बघितलेलं असावं. तारा निघाल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलात आणि त्यांनी जागा कमी आहे असं सांगितलं, तर त्रास तुमच्या वाट्याला येतो.

कुणी एक्स-रे न काढता ‘दुधाचा आहे, काढून टाकू’ म्हणालं, तर उठून दुसरं मत घ्या.

आठवी पायरी: तारा निघाल्यानंतर

जिथे दात नाही आणि जागा राखलेली आहे, तिथे रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारं साधन) ही चैन नाही, गरज आहे. काही आठवडे रिटेनर घातला नाही, तरी शेजारचे दात आत कलंडतात. इम्प्लांट बसेपर्यंत रिटेनरवरच एक खोटा दात जोडून घेता येतो, म्हणजे फट दिसत नाही.

दुधाचा दात राखला असेल, तर दर वर्षी तपासणी करा आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने त्या एका दाताचा एक्स-रे काढा. दुधाच्या दाताचं आवरण पातळ असतं, कीड लवकर आत पोचते, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून रोज धागा फिरवा. तो हलायला लागला, चावताना वेगळा लागला किंवा जीभ लावल्यावर पूर्वीपेक्षा खाली गेल्यासारखा वाटला, तर वार्षिक तारखेची वाट बघू नका.

त्या मुलीची दाढ आम्ही दोन्ही बाजूंनी घासून अरुंद केली, वरून थोडी उंची दिली आणि तारांनी बाकीचे दात सरळ केले. पहिल्या दिवशीचा ओपीजी तिने फोनमध्ये जपून ठेवला आहे. दर तपासणीला ती तो उघडून नव्या एक्स-रेशेजारी धरते आणि मुळं तेवढीच आहेत ना, हे स्वतः बघते.